खाडा आणि रजा

माझ्या धाकट्या बहिणीच्या स्वयंपाकघरात फ्रिजशेजारच्या खिळ्याला कालनिर्णय टांगलेलं असतं. त्यावर दोन तऱ्हेच्या खुणा दिसतात. दूधवाला आला नाही त्या तारखेला निळ्या पेनाने गोल, आणि दाजी कामावर गेले नाहीत त्या तारखेला लाल पेनाने फुली. दोन्हींना तिच्या तोंडी शब्द एकच, खाडा. महिना संपला की दुधाचे खाडे मोजून दूधवाल्याचा हिशोब चुकता करायचा आणि दाजींचे खाडे मोजून या खेपेला हातात किती पडणार, त्यात पोरांची फी बसणार का, ते ठरवायचं.

माझ्याही घरी कालनिर्णय आहे. त्यावर दुधाचे खाडे आहेत, माझे नाहीत. मी कामावर गेलो नाही तर तो खाडा नसतो, ती रजा असते. ताप आला की मी अंथरुणात पडल्या पडल्या मोबाइलवरून अर्ज टाकतो, दुपारपर्यंत साहेबांची मंजुरी येते, आणि एक तारखेला पगार पुरा जमा होतो. दाजींना येणारा तापही असाच असतो. त्यांचं अंगही असंच मोडून येतं.

दहावीचा निकाल लागला त्या आठवड्यात बहिणीचा फोन आला. "दादा, ह्या पोराला तू समजाव बाबा. आयटीआयला जातो म्हणतोय. तुझंच ऐकून ऐकून डोक्यात घेतलंय त्यानं." भाच्याला ७१ टक्के पडले होते. अकरावी सायन्स मिळालं असतं, डिप्लोमाही मिळाला असता. बहिणीला वाटलं मी लगेच पोराला फोनवर घ्यायला सांगेन आणि दोन शब्द सुनावेन. मी म्हणालो, शनिवारी घरी येतो, निवांत बोलू.

शनिवारपर्यंतचे ते चार दिवस मला जड गेले. मी नऊ वर्षं हातात कानस घेऊन काढली आहेत आणि वीस वर्षं खुर्चीत बसून. दोन्हीकडचं मीठ खाल्लंय. त्या पोराशी कुठल्याच बाजूने खोटं बोलायचं नव्हतं, आणि खरं काय ते नीट मांडून बघायची वेळ माझ्यावर आजवर आलीच नव्हती.

१९९३ साली मी कळंब्याच्या आयटीआयमध्ये फिटर ट्रेडला लागलो. पहिले कितीतरी आठवडे मशीन लांबूनच बघायचं. आमच्या वाट्याला एक व्हाइस, म्हणजे काम घट्ट धरून ठेवणारा शिकंजा, एक कानस आणि माइल्ड स्टीलचा एक तुकडा. तो सगळ्या बाजूंनी सपाट आणि काटकोनात आणायचा, एवढंच काम. ऐकायला सोपं वाटतं. कानस पुढे ढकलताना हात जरा जरी डुलला की कडा जास्त घासल्या जातात आणि मधला भाग तसाच फुगलेला राहतो, उलट्या ठेवलेल्या होडीसारखा. डावा पाय पुढे, उजवा मागे, उजव्या मुठीत कानशीचा दांडा, डाव्या तळव्याखाली तिचं टोक. सुरुवातीला भार डाव्या हातावर, मग कानस जसजशी पुढे सरकेल तसा तो उजव्यावर यायला हवा. मागे येताना दाब द्यायचा नाही, नुसती परत आणायची. दातांत कीस अडकला तर जॉबवर, म्हणजे घासायच्या तुकड्यावर, ओरखडे उठतात म्हणून कानशीला खडू चोळून घ्यायचा. दोन दिवसांत तळव्याला फोड आले, आठवड्यात ते फुटले, महिन्याभरात तिथे घट्टे पडले.

आणि तपासणी उजेडात. ट्राय स्क्वेअर, म्हणजे काटकोन तपासायचा गुण्या, जॉबला लावून खिडकीकडे धरायचा. पातं आणि लोखंड यांच्यामधून उजेडाची रेघ दिसली तर परत व्हाइसवर. आम्हाला व्हर्नियर वापरायला मिळायचा, त्यावर ०.०२ मिलिमीटरपर्यंत वाचता येतं. पण ती उजेडाची रेघ त्याहूनही बारीक फट दाखवते. आमचे सर जॉब हातात घेऊन डोळ्यांसमोर धरायचे आणि एकच शब्द बोलायचे, "उजेड." की आम्ही परत जागेवर. रागावणं नाही, समजावणं नाही. काय चुकलं ते आम्हालाही दिसत असायचं, त्यामुळे वाद घालायला जागाच नव्हती.

अकराव्या दिवशी माझ्या जॉबच्या एका बाजूला उजेड दिसला नाही. सरांनी तो दोनदा फिरवून पाहिला, बाकावर ठेवला आणि म्हणाले, "आता दुसरी बाजू घे." त्या संध्याकाळी मी तो तुकडा खिशात घालून घरी नेला. आईने हातात घेतला आणि परत दिला. वडिलांनी मात्र अंगठ्याचं नख त्यावरून अलगद ओढलं आणि म्हणाले, "नख कुठं अडकंना की." माझ्या वडिलांनी आयुष्यभर शेती केली. त्यांच्या नखाला ते कळलं, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

आमच्या शेडमध्ये सुताराचा मुलगा होता, माळ्याचा होता, मराठ्यांचे होते, बौद्ध होते, एक भटजींचा होता. गावात कुठलं हत्यार कुणाच्या हातात जाणार हे जन्माआधी ठरलेलं असायचं. वाकस सुताराकडे, ऐरण लोहाराकडे, रापी चांभाराकडे. बाकीच्यांनी ते धरायचं नाही आणि त्यांनी दुसरं काही धरायचं नाही. बलुतेदारीने आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या कसब सांभाळलं खरं, पण कसबाला पायरीखाली बसवायची सवयही तिथूनच आली. त्या शेडमध्ये एकाच बाकावरच्या चार व्हाइसना चार घरांतली पोरं कानस चालवत होती आणि उजेड सगळ्यांना सारखाच दिसत होता. आयटीआयचं हे मोठं काम आहे असं मी मनापासून मानतो. याबद्दल कुणी बोलताना मला फारसं ऐकू आलेलं नाही.

आमच्या परड्यात आजोबांचा एक लोखंडी नांगर गंजत पडलेला होता, किर्लोस्करांचा. तो बनवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर आधी मुंबईत व्हीजेटीआय या तंत्रशिक्षण संस्थेत ड्रॉइंग शिकवायचे. ती नोकरी सोडून बेळगावात आले, सायकली विकल्या, मग नांगराच्या मागे लागले. लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, त्यामुळे पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली. १९१० साली औंध संस्थानात, कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. पुढे याच कारखान्याचे नांगर विकत भाऊराव पाटील गावोगाव हिंडले, आणि १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, जिथे मुलांनी काम करत शिकायचं होतं. म्हणजे आमच्याच भागात, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी, कागद आणि लोखंड एकाच माणसाच्या हातात नांदत होते. मग हे दोन मजले कधी वेगळे झाले, खालचा आणि वरचा, हा प्रश्न मला पुढे फार पडला.

अप्रेंटिसशिप संपवून १९९६ साली मी शिवाजी उद्यमनगरमध्ये एका डाय, म्हणजे पत्रा कापायचे पोलादी साचे, बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये लागलो. कोल्हापूरचं उद्यमनगर वाढलं ते उसाच्या पाण्यासाठी लागणाऱ्या ऑइल इंजिनांवर, आणि मग गाड्यांच्या कास्टिंगवर. आमच्या शॉपमध्ये सहा माणसं, दोन लेथ, एक शेपिंग, एक ड्रिल, एक सरफेस ग्राइंडर. रोज ४५ रुपये.

तिथल्या मिस्त्रींकडे मी खरं काम शिकलो. ते सातवी शिकलेले होते. पत्रा कापायच्या डायमध्ये वरून उतरणारा पंच आणि खालची डाय यांच्यात नेमकी फट ठेवावी लागते. १ मिलिमीटरच्या पत्र्याला प्रत्येक बाजूला साधारण पाच शतांश मिलिमीटर. फट कमी झाली तर पंच धार सोडतो, जास्त झाली तर कापलेल्या कडेला बर, म्हणजे खरबरीत धार, येते, आणि एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कमी झाली तर डाय लवकरच मोडते. मिस्त्री पंचाला निळा रंग पुसून तो डायमध्ये अलगद उतरवायचे, वर काढून रंग कुठे पुसला गेलाय ते बघायचे, आणि तेवढ्याच जागी बारीक कानशीचे दोन हात मारायचे. परत रंग. परत उतरव. एकेका डायला हे चाळीस-पन्नासदा चालायचं. मी घाई केली की म्हणायचे, "लोकंड सांगतंय न्हवं कुटं अडतंय त्ये? मग त्येचं ऐक की."

पहिला ट्रायल स्ट्रोक, म्हणजे डायचा पहिला ठोका, मारताना सगळे हातातलं काम टाकून जमायचे. पत्र्याची चकती खाली पडायची. मिस्त्री ती उचलून कडेवरून अंगठा फिरवायचे, पूर्ण गोल. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत. अंगठा कुठेही थांबला नाही तर ते चकती मालकाकडे न देता ज्याने डाय बसवली त्याच्या हातात द्यायचे. मला पहिल्यांदा ती चकती मिळायला साडेतीन वर्षं लागली. ती अजून माझ्या कपाटात आहे, माझ्या डिप्लोमाच्या प्रमाणपत्राच्या शेजारी.

असं काही सांगायला लागलो की माझा आवाज बदलतो, हे मला ठाऊक आहे. भाच्याने ऐकलं ते हेच, आणि बहीण मला दोष देत होती ती याच आवाजाला.

कारण उरलेलं मी त्या पोराला कधी सांगितलं नव्हतं. मिस्त्रींना पन्नाशीत डाव्या कानाने ऐकू येईनासं झालं होतं. शॉपमध्ये दहापेक्षा कमी माणसं, त्यामुळे १९४८ चा कारखाना कायदा आमच्या दारापर्यंत पोचतच नव्हता. पीएफ नाही, ईएसआयचा कामगार विमा नाही. मिस्त्री आजारी पडले की मालक घरी डबा पाठवायचे, दोनशे रुपये हातात ठेवायचे. माणूस वाईट नव्हता. पण ती मर्जी होती. हक्क म्हणून मिस्त्रींचं तिथे काही नव्हतं.

माझ्याबरोबर आयटीआय केलेला एक मित्र एका कंपनीत पॉवर प्रेसवर होता. त्या प्रेसला दोन बटणं असतात, दोन हातांनी एकदम दाबली तरच स्ट्रोक पडावा म्हणून. दोन्ही हात बटणांवर असले की ते डायखाली असू शकत नाहीत, इतका साधा आणि चांगला विचार आहे तो. पण त्याने नगाला दोन-तीन सेकंद जास्त लागतात. त्या शिफ्टला एक बटण लाकडी पाचर ठोकून कायमचं दाबून ठेवलेलं होतं, म्हणजे एका हाताने पत्रा सरकवायचा आणि दुसऱ्याने स्ट्रोक. मित्राच्या उजव्या हाताची दोन बोटं मधल्या पेरापासून गेली. पाचर कुणी ठोकली हे सगळ्यांना माहीत होतं, आणि ती ठोकल्याशिवाय ठरलेला आकडा निघत नाही हेही सगळ्यांना माहीत होतं. अपघाताच्या कागदावर मात्र कामगाराचा निष्काळजीपणा लिहिला गेला. तो आता रिक्षा चालवतो. भेटला की डावा हात पुढे करतो.

आणि दाजी. दाजी एका फाउंड्रीत मोल्डर आहेत. वाळूचा साचा बांधतात, त्यात कोअर, म्हणजे आतली पोकळी राखणारा वाळूचा गाभा, बसवतात, साचा मिटतात, मग त्यात चौदाशे अंशांच्या आसपासचं लोखंड ओतलं जातं. वाळूत ओल किती हवी ते मूठ आवळून बघतात. मूठ उघडल्यावर गोळा अखंड राहायला हवा, मोडल्यावर कडा धारदार दिसायला हव्यात, आणि तळहाताला चिकटायला नको. ओल जास्त झाली तर वाफ धरते आणि कास्टिंगमध्ये पोकळ्या पडतात. हे त्यांना प्रयोगशाळेचा रिपोर्ट यायच्या आधी कळतं, आणि त्यांच्या साच्यातला माल नापास होऊन परत येणं ही क्वचितची गोष्ट आहे. चौदा वर्षं ते हे करतायत. मागच्या दिवाळीत त्यांची पगाराची चिठ्ठी मी पहिल्यांदा हातात घेतली. नाव, दिवस, दर, आणि एका रकान्यात वर्गवारी: अकुशल.

मी परत परत वाचलं. किमान वेतनाचे दर कुशल, अर्धकुशल आणि अकुशल अशा तीन वर्गांत असतात. कंत्राटदाराने चौदा वर्षं या माणसाला तिसऱ्या वर्गात बसवून दर दिवसामागे फरक खिशात घातला होता. पैशाचं तर आहेच. पण ज्या माणसाच्या मुठीला वाळूची ओल कळते त्याला कागदावर अकुशल म्हणायचं, यात जी लूट आहे ती रुपयांत मांडता येत नाही. दाजी म्हणाले, "नावाचं काय घिऊन बसलासा, काम चालू हाय ते महत्त्वाचं." त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हणालो असतो, कारण दुसरं काही म्हटलं तर ब्रेक.

हा ब्रेक ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. कारखाना कायद्यात वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा कामगारालाही ठेवलेली होती. अट अशी होती की वर्षात २४० दिवस भरले पाहिजेत. कामावरून काढताना नुकसानभरपाई मागायची तरी औद्योगिक कायद्यात तोच आकडा, २४०. म्हणून सात महिने झाले की पोराला सांगायचं, उद्यापासून थांब, पुढच्या महिन्यात बघू. काही आठवडे घरी, मग नव्या नावाच्या कंत्राटदाराकडून परत त्याच मशीनवर. दिवस पुन्हा एकपासून मोजायचे. खाड्याची रजा व्हायला मध्ये हे २४० दिवस आडवे होते, आणि ते भरू न देण्याचं काम कुणीतरी वरच्या मजल्यावर बसून, खुर्चीत, चहा पीत, तारखा बघत करत असतं.

२००५ साली मी वरच्या मजल्यावर गेलो. नोकरी सांभाळून संध्याकाळचा डिप्लोमा पुरा केला होता. लग्न झालं होतं, मुलगी झाली होती, आणि मुलीच्या वेळी बायकोला दवाखान्यात नऊ दिवस राहावं लागलं तेव्हा माझे नऊ खाडे पडले होते. त्या महिन्याचं भाडं मी उसनं घेऊन दिलं. गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या एका कंपनीत प्लॅनिंगला जागा निघाली आणि मी गेलो. मिस्त्रींना सांगताना मान वर होत नव्हती. त्यांनी स्वतःचा जुना सहा इंची ट्राय स्क्वेअर तेलाच्या फडक्यात गुंडाळून दिला आणि म्हणाले, "बरं केलंस. पोरीला शिकीव."

ऑफिसने मला काय दिलं ते आधी सांगायला हवं, नाहीतर अन्याय होईल. वडील शेवटच्या आजारात होते तेव्हा मी सव्वीस दिवस त्यांच्या उशाशी होतो. सव्वीस दिवस, पुऱ्या पगारात. उद्यमनगरात असतो तर चौथ्या दिवशी मला लेथसमोर उभं राहावं लागलं असतं. खुर्चीचा सगळ्यात मोठा फायदा मला विचाराल तर हाच. एसी, संगणक, साहेब म्हणणारी माणसं, यांतलं काही नाही. आपलं माणूस मरत असताना त्याच्याजवळ बसता येणं.

पण ऑफिसात उजेड दिसत नाही. मी दर सोमवारी एक रिपोर्ट बनवायचो. कुठल्या मशीनवर किती तास, किती माल, किती तुटवडा. तो अकरा जणांना मेलने जायचा. एकदा एका रकान्याचं सूत्र माझ्याकडून चुकलं आणि बेरीज दुप्पट यायला लागली. ही चूक मलाच सापडली, तेरा आठवड्यांनी. तेरा सोमवार तो रिपोर्ट अकरा जणांना गेला, बैठकांमध्ये पडद्यावर लागला, त्यावर चर्चा झाली, कुणीतरी आकडे सुधारताहेत म्हणून शाबासकीही दिली. मी घाबरत घाबरत साहेबांना सांगायला गेलो. ते म्हणाले, ठीक आहे, पुढच्या वेळी नीट कर. त्या दिवशी मी घरी जेवलो नाही. पाच शतांशाची चूक ज्या शॉपमध्ये तासाभरात अंगठ्याला लागायची तिथून मी आलो होतो. माझ्या कामाला जगात कुणाचाच अंगठा लागत नाही, हे कळणं मला फार कठीण गेलं.

खुर्चीतल्या माणसाला दुसरंही एक भय असतं, त्याबद्दल खालच्या मजल्यावर फारशी कल्पना नसते. काम चांगलं की वाईट हे लोखंड सांगत नाही, माणसं सांगतात. मग माणसांच्या तोंडाकडे बघायची सवय लागते. मेलला उत्तर का आलं नाही, बैठकीत नाव का घेतलं नाही, इंग्रजीत बोलताना अडखळलो ते कुणाच्या लक्षात आलं का. माझ्या शेजारच्या टेबलावरचा एक इंजिनिअर मुलगा, तिशीही न ओलांडलेला, रोज रात्री अकराला फोन बघून झोपेची गोळी घ्यायचा. त्याच्या हाताला एकही घट्टा नव्हता. थकलेला मात्र तो दाजींइतकाच दिसायचा. मुलं, नातेवाईक, शेजारी यांना त्याचा थकवा दिसत नसे, कारण कपडे स्वच्छ असत.

हे सगळं चार दिवस मनात घोळत होतं. पण शनिवारी बहिणीच्या घरी जाताना माझ्या मनावर खरं ओझं होतं ते वेगळंच.

दाजी घरीच होते. दोन दिवस चक्कर येत होती. कालनिर्णयावर शुक्रवारी फुली, शनिवारी फुली. बहिणीने पोहे ठेवले आणि सुरुवात तिनेच केली. "दादा, तुला ते मिस्त्री आठवतात, ती चकती आठवती. मला काय आठवतं सांगू? रात्री साडेबाराला सेकंड शिफ्ट करून आलेला माणूस. आंघोळीच्या पाण्यात खाली बसलेली काळी वाळू. खोकला. तुझं त्या कामावर प्रेम असंल, तू त्यातनं निघून बसलायस. ह्यांना निघायला आलं न्हाई. माझ्या पोराला मी त्यात का घालू?"

मी उत्तर दिलं नाही. उत्तर नव्हतं. तिच्या बोलण्यातला एक शब्दही मला खोडता येत नव्हता.

भाचा दारात उभा राहून ऐकत होता. तो माझ्याकडे वळला. "मामा, तुमच्या कंपनीत खालच्या पोरांस्नी रजा मिळती का?"

माझं ओझं ते हेच. दर महिन्याच्या वीस तारखेला एक यादी माझ्या टेबलावरून जाते. पुढच्या महिन्यात कुठल्या मशीनवर किती माणसं लागणार ते मी काढतो, आणि त्यावरून कंत्राटदार ठरवतो कुणाला ब्रेक द्यायचा. त्या यादीत नावं मी लिहीत नाही, आकडे लिहितो. इतकी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो. पण कुणाचे सात महिने भरत आलेत ते मला माहीत असतं. ती पोरं जिन्यात भेटली की मला नमस्कार करतात.

मी भाच्याला खरं ते सांगितलं. "टूलरूममधल्या अकरा जणांना मिळते. ते कायम आहेत. लाइनवरची चाळीसेक पोरं कंत्राटावर आहेत, त्यांना नाही. आणि ती न मिळण्यात माझाही हात आहे." दाजींनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. बहिणीने गॅस बंद केला.

"मग ते अकरा जण कायम कसे झाले?" भाच्याने विचारलं.

हा प्रश्न चांगला होता. मी त्याला सांगितलं ते असं. टूल अँड डायचं काम सहा महिन्यांत शिकून होत नाही, म्हणून तो माणूस गेला तर कंपनीचं अडतं. लाइनवरच्या पोराला पंधरा दिवसांत दुसरा मिळतो. त्या अकरांतल्या सहा जणांनी आयटीआयनंतर थेट दुसऱ्या वर्षाला डिप्लोमा केला, तीही वाट उघडी असते. आणि त्यांच्या वेळी कंपनीत युनियन होती, २४० दिवसांचा हिशोब ठेवणारी, एकेका पोरासाठी लेबर ऑफिसात चकरा मारणारी. आता ती नाही. हाताची कदर करा म्हणून भाषणं देणारे पुष्कळ आहेत, खंडेनवमीला मशीनला झेंडूची माळ घालून फोटो काढणारे आहेत. मी त्यांना दोष देत नाही, पण माळ घालून झाल्यावर त्या मशीनवरच्या पोराच्या चिठ्ठीत वर्गवारी काय लिहिली आहे ते त्यांनी एकदा बघावं. कौतुकाने दाजींची एकही फुली पुसली गेलेली नाही.

दाजी उठून बसले. ते एरवी अशा बोलण्यात पडत नाहीत. पोराला म्हणाले, "मोल्डिंगकडं यायचं न्हाई. बाकी तुला काय करायचं ते कर. पर चिठ्ठी वाचायला शीक. मी चौदा वर्सं वाचली न्हाई."

साडेअकरापर्यंत आम्ही बोलत होतो. त्या महिन्याची यादी देताना मी काय केलं ते इथे सांगत नाही, कारण त्यातून अजून काही निष्पन्न झालेलं नाही. साहेबांना पत्र दिलं आहे. साध्या मराठीत, सहा नावांसह, त्यांच्या खऱ्या तारखांसह.

फॉर्म भरला तो रविवारी सकाळी. पहिली पसंती टूल अँड डाय मेकर, दुसरी मशिनिस्ट. निघताना मी मिस्त्रींचा ट्राय स्क्वेअर भाच्याच्या हातात दिला. त्याने तो फडक्यातून काढला, खिडकीकडे धरला आणि नुसत्या पात्याकडे बघत राहिला.

बहिणीचा चेहरा अजून आवळलेलाच होता. तिने कालनिर्णयाचं पान उलटलं, प्रवेशाच्या शेवटच्या तारखेभोवती हिरव्या पेनाने चौकोन काढला, आणि पोराला म्हणाली, "नोकरी लागल्यावर दर महिन्याची चिठ्ठी आधी मला दाखवायची. पैसं नंतर. नावापुढं काय लिवलंय ते मी वाचणार."